पृथ्वीचे थर किती? आधी मोजपट्टी कोणती ते सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीला भूगोल शिकवताय आणि पुस्तकांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. एकात पृथ्वीचे तीन थर, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात पाच. कुठे सगळ्यात वर भूकवच, तर कुठे शिलावरण. वातावरणाचंही तेच. एका आकृतीत आयनांबर आहे, दुसरीतून ते गायब. शेवटी तुम्ही वैतागून विचारलंय, की माणसानं खोदलंय जेमतेम बारा किलोमीटर, मग बाकीचं सगळं अंदाजपंचे नाही का? आणि जाता जाता मुलीचाही एक प्रश्न: हवा संपते कुठे?

नोकरीची पहिली सहा वर्षं मी हवामानाचे फुगे सोडले आणि पुढची वीसेक वर्षं भूकंपाच्या नोंदी वाचल्या. म्हणजे आधी वर बघितलं, मग खाली. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही टोकांना माझा हात लागलेला आहे. उत्तर लांबणार आहे, पण तुमची चिडचिड रास्त आहे आणि त्यात पुस्तकांची चूक वाटते त्यापेक्षा बरीच कमी आहे.

तुम्ही विचारताय "थर किती", पण अडचण तिथे नाहीच. अडचण आहे ती "थर म्हणायचं कशाला" इथे. वर्गातली मुलं उंचीप्रमाणे उभी केली की एक रांग होते, वयाप्रमाणे केली की दुसरी. मुलं तीच. पृथ्वीचंही तसंच आहे. ती कशाची बनली आहे या हिशेबानं पाहिलं तर भूकवच, प्रावरण आणि गाभा असे तीन भाग पडतात. गाभ्याचा बाहेरचा भाग द्रव आणि आतला घन आहे म्हणून त्याचे दोन केले की झाले चार. प्रावरणाचे वरचं आणि खालचं असे दोन केले की पाच. तिन्ही पुस्तकं बरोबर आहेत. फक्त कुठली पट्टी लावली ते कोणीच लिहीत नाही.

शिलावरणाची पट्टी तर पूर्ण वेगळी आहे. तिथे खडक कोणता हे कोणी विचारत नाही. तो ताठ राहतो की सावकाश वाहतो, एवढंच विचारतात. भूकवच आणि त्याला खालून चिकटलेला प्रावरणाचा वरचा थंड भाग मिळून एकच ताठ पाटा होतो, साधारण शंभर किलोमीटर जाडीचा. जुन्या खंडांच्या पोटाखाली तो याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जाड असतो आणि महासागरातल्या मध्यवर्ती पर्वतरांगांखाली अगदीच पातळ. हे शिलावरण. त्याखाली खडक तोच असतो, पण तापमान १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेल्यामुळे मऊ पडलेला. ते दुर्बलावरण. तेव्हा "भूकवच म्हणजेच शिलावरण का?" याचं उत्तर नाही असं आहे. भूकवच हा शिलावरणाचा वरचा भाग आहे. खंड सरकतात ते भूकवचाचे तुकडे म्हणून नाही, शिलावरणाचे तुकडे म्हणून. ही गल्लत मी पदवीला शिकणाऱ्यांच्या उत्तरपत्रिकांतही पाहिली आहे, तेव्हा मुलीला रागावू नका.

आकारमानाचा अंदाज यावा म्हणून एक मीटर व्यासाचा चेंडू डोळ्यांसमोर आणा. ही पृथ्वी. खरी त्रिज्या ६३७१ किलोमीटर आहे, ती झाली ५० सेंटिमीटर. मधला गाभा २७ सेंटिमीटर त्रिज्येचा, म्हणजे अर्ध्याहून जास्त अंतर त्यातच गेलं. त्याच्याही आतला घन गोळा साडेनऊ सेंटिमीटरचा. उरलेलं जवळजवळ सगळं प्रावरण. खंडांखालचं भूकवच जेमतेम तीन मिलिमीटर, समुद्रांखालचं अर्धा मिलिमीटर. ढग, पाऊस, वादळं ज्यात घडतात तो हवेचा थर या चेंडूवर एक मिलिमीटरचा. माणसानं पाडलेलं सगळ्यात खोल छिद्रही एक मिलिमीटर. पुस्तकातल्या आकृत्यांत भूकवच बोटाएवढं जाड दाखवतात ते नाइलाजानं, नाहीतर ते दिसणारच नाही. पण ती नाइलाजाची आकृती मुलांच्या डोक्यात कायमची बसते.

आता तुमचा खरा बोचरा मुद्दा: एक मिलिमीटर खोदून पन्नास सेंटिमीटरच्या गप्पा कशा मारता?

ते छिद्र रशियाच्या कोला द्वीपकल्पावर आहे. १९७० साली काम सुरू झालं आणि १९८९ मध्ये १२,२६२ मीटरवर ते अडलं. तळाशी साधारण १०० अंश तापमान असेल अशी अपेक्षा होती, निघालं १८० अंश. एवढ्या उष्णतेत खडक ड्रिलभोवती मऊ पडून छिद्र बुजायला लागतं. पण मला त्या छिद्राची गंमत वेगळ्याच कारणासाठी वाटते. सुमारे सात किलोमीटरवर ग्रॅनाइट संपून बेसाल्ट लागेल असं भूकंपलहरींवरून धरलं होतं. बेसाल्ट लागलाच नाही. तिथे रूपांतरित, भेगाळलेला, पाण्यानं भरलेला ग्रॅनाइटच होता. लहरींचा वेग बदलत होता हे खरं, पण खडकाची जात बदलल्यामुळे नव्हे. त्याची अवस्था बदलल्यामुळे.

हा प्रसंग आमच्या धंद्याच्या विरुद्ध जातो, तरी मी तो मुद्दाम सांगते. लहरी वेग सांगतात, खडकाचं नाव सांगत नाहीत. वेगावरून नावापर्यंत जाताना आम्ही तर्क करतो आणि तो कधी कधी चुकतो. तुमच्या पुस्तकात खंडांखाली "सियाल" (ग्रॅनाइटसारखा) आणि त्याखाली "सायमा" (बेसाल्टसारखा) असे दोन थर असतील, तर ते याच जुन्या तर्काचे अवशेष समजा. परीक्षेपुरते पाठ करा. प्रत्यक्ष कामात ते शब्द मी कधीच वापरले नाहीत.

पण तर्क म्हणजे अंदाजपंचे नव्हे. पहिला पुरावा लहरींच्याही आधीचा आहे. १७९८ साली हेन्री कॅव्हेंडिश यांनी शिशाच्या गोळ्यांमधलं आकर्षण मोजून पृथ्वीची घनता काढली: पाण्याच्या साधारण साडेपाचपट. आपल्या पायाखालचा ग्रॅनाइट पाण्याच्या २.७ पट जड, बेसाल्ट फार तर तिप्पट. मग सरासरी साडेपाच यायची तर आत कुठेतरी फार जड माल हवाच. नुसता दाब हे काम करू शकत नाही, खडक तेवढा दाबला जात नाही. वजनदार आणि विश्वात मुबलक असा उमेदवार एकच, लोखंड. एमिल वीखर्ट यांनी १८९७ च्या सुमारास लोखंडी गाभ्याची कल्पना मांडली, ती एकही भूकंपलहर त्या गाभ्यातून ओळखली जाण्याआधी.

लहरींचं काम कसं चालतं ते जरा निवांत सांगते, कारण सगळी मेख तिथे आहे. भूकंप झाला की दोन तऱ्हेच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून निघतात. पी लहरी ढकलत-ओढत जातात, हवेतल्या आवाजासारख्या; त्या घनातून जातात आणि द्रवातूनही. एस लहरी आडव्या हिसक्याच्या असतात. द्रवाला आडवा हिसका देता येत नाही, तो नुसता घसरतो, म्हणून एस लहरी द्रवात शिरतच नाहीत. नोंदीत पी आधी येते, एस मागून. जवळच्या भूकंपात दोघींमधल्या सेकंदांना आठनं गुणलं की किलोमीटरमध्ये अंतर येतं. हा आमचा तोंडी हिशेब, अजूनही संगणकाच्या आधी हाच डोक्यात होतो.

८ ऑक्टोबर १९०९ ला क्रोएशियातल्या कुपा नदीच्या खोऱ्यात भूकंप झाला. झाग्रेबच्या आंद्रिया मोहोरोविचिच यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा त्यांना पी लहर एक नाही, दोन दिसल्या. जवळच्या ठिकाणी हळू जाणारी आधी पोचत होती. दूरच्या ठिकाणी मात्र वेगवान लहर तिला मागे टाकत होती. याचा अर्थ लावायला फार गणित लागत नाही. शेजारच्या गावाला जायचं तर गल्लीबोळांतून जाणं बरं. शंभर कोसांवर जायचं तर आधी वळसा घालून हमरस्ता गाठणारा पुढे निघतो. खाली कुठेतरी हमरस्ता आहे, म्हणजे वेगवान खडक आहे, हे उघड झालं. वर पी लहर सेकंदाला सहा-साडेसहा किलोमीटर जाते, खाली एकदम आठ. ही हद्द म्हणजे मोहो विलगता, भूकवचाचा तळ.

यातला कामाचा भाग असा, की हमरस्त्यावरची लहर पहिल्यांदा पुढे निघते ते अंतर मोजलं की भूकवचाची जाडी काढता येते. जाडी ३५ किलोमीटर आणि वेग सहा आणि आठ धरले तर हे अंतर साधारण १८५ किलोमीटर येतं. समुद्राखाली जाडी सात असेल तर जेमतेम ३७. मी हे शेकडो वेळा केलंय आणि दोन जागांचं उत्तर क्वचितच सारखं आलंय. तेव्हा "भूकवच ३५ किलोमीटर जाड" ही सरासरी आहे हे मुलीला सांगा. तिबेटच्या पठाराखाली ते सत्तरच्या घरात जातं.

गाभ्याची गोष्ट सावलीची आहे. रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाममधल्या मोठ्या भूकंपाच्या नोंदींत पी, एस आणि पृष्ठभागावरच्या लहरी वेगवेगळ्या ओळखल्या. १९०६ मध्ये त्यांनी दाखवलं, की पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला पोचणाऱ्या लहरींना हिशेबापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणजे मधे काहीतरी त्यांना मंदावणारं आहे. पुढे बेनो गुटेनबर्ग यांनी त्याची खोली सुमारे २९०० किलोमीटर काढली. आजचा आकडा २८९१ आहे. शंभर वर्षांपूर्वीची ती उपकरणं पाहिली तर ही अचूकता थक्क करते. त्या हद्दीवर पी लहरीचा वेग सेकंदाला १३.७ किलोमीटरवरून ८ वर कोसळतो आणि लहर आत वाकते. त्यामुळे भूकंपाच्या जागेपासून साधारण १०४ अंशांपासून १४० अंशांपर्यंतच्या (हे अंतर पृथ्वीच्या केंद्रापाशी होणाऱ्या कोनात मोजतात) पट्ट्यात सरळ येणारी पी लहर पोचतच नाही. एस लहर तर १०४ अंशांपलीकडे सरळ कुठेच येत नाही. हॅरॉल्ड जेफ्रीझ यांनी १९२६ मध्ये निष्कर्ष काढला, की गाभा द्रव आहे.

या छायेच्या पट्ट्यातली नोंद मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा यंत्र बंद पडलं असावं असं समजून तासभर तारा तपासत बसले होते. साडेसात तीव्रतेचा भूकंप, आणि आमच्याकडे ठरल्या वेळी जवळपास सपाट रेघ. माझ्या वरिष्ठांनी काही न बोलता पृथ्वीगोल पुढे केला आणि दोरी लावून अंश मोजायला सांगितले. १२१ अंश. यंत्र ठणठणीत होतं. मधे गाभा होता.

डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी नेमकं याच्या उलट पाहिलं. छायेच्या पट्ट्यात जिथे काहीच यायला नको, तिथे १९२९ च्या न्यूझीलंडमधल्या भूकंपाच्या बारीकशा लहरी आल्या होत्या. इतरांनी त्या किरकोळ म्हणून सोडल्या. लेमान यांनी १९३६ मध्ये म्हटलं, की द्रवाच्या आत आणखी एक गोळा आहे आणि लहरी त्याच्यावरून वळून येताहेत. आज त्याची त्रिज्या १२२० किलोमीटर धरतात. तो सगळ्यात गरम असूनही घन कसा, असं मुलगी विचारेलच. कारण दाब. केंद्रापाशी तो आपल्या हवेच्या दाबाच्या सुमारे ३६ लाख पट आहे, आणि दाब वाढला की लोखंडाचा वितळणबिंदूही वर सरकतो. तापमान मात्र कोणी मोजलेलं नाही. लोखंड त्या दाबाला कुठे वितळतं यावरून ते काढतात, म्हणून एका पुस्तकात ५००० अंश आणि दुसऱ्यात ६००० दिसलं तर दोन्ही चालवून घ्या. खोलीच्या आकड्यांना ही सवलत नाही.

शंका राहू नये म्हणून आणखी दोन साक्षीदार. १९६० च्या चिलीमधल्या ९.५ तीव्रतेच्या भूकंपानंतर अख्खी पृथ्वी घंटेसारखी थरथरत राहिली. तिचा सगळ्यात खर्जातला सूर ५४ मिनिटांत एक हेलकावा घेतो. घंटा कशाची आहे हे तिच्या नादावरून कळतं, आणि हा नाद आतल्या घन गोळ्यासकट जमतो. दुसरा साक्षीदार हातात धरता येतो. ब्राझीलमध्ये मिळालेल्या एका हिऱ्याच्या पोटात २०१४ मध्ये रिंगवूडाइट नावाच्या खनिजाचा कण सापडला. ते खनिज तयार व्हायला लागतो तो दाब ४१० किलोमीटरच्या बऱ्याच खाली असतो. आपण तिथवर पोचलो नाही, तिथला माल वर आला.

त्या ४१० आणि त्याखालच्या ६६० किलोमीटरच्या हद्दी माझ्या सगळ्यात आवडत्या आहेत. तिथे माल तोच राहतो, फक्त दाबाखाली खनिजाची रचना जास्त घट्ट होते. ती कुठे घट्ट व्हायची हे तापमानावरही ठरतं. थंड झालेला शिलावरणाचा पाटा जिथे खाली बुडतोय तिथे ४१० ची हद्द वर उचलली जाते आणि ६६० ची खाली दबते. म्हणजे हद्दीची खोली मोजून आम्ही तिथला गारवा ओळखतो. थर ही भिंत समजलात तर हे वाकणं चूक वाटेल. बदलाची जागा समजलात तर त्यात नवल नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकते, कारण तो जवळजवळ प्रत्येक घरात असतो: भूकवचाखाली लाव्हाचा समुद्र आहे आणि आपण त्याच्यावर तरंगतोय. नाही. एस लहरी प्रावरणातून वरपासून खालपर्यंत व्यवस्थित जातात, म्हणजे प्रावरण घन आहे. खडक वितळतो तो काही जागी, थोडासा. एकतर तो वर येताना दाब कमी झाल्यामुळे किंवा त्यात पाणी मिसळल्यामुळे. पण घन असूनही तो वाहतो, वर्षाला काही सेंटिमीटर, आपली नखं वाढतात त्या चालीनं. डांबराचा गोळा आठवा. हातोडी मारली तर काचेसारखा फुटतो, तसाच ठेवून दिला तर काही महिन्यांत पसरतो. भूकंपाच्या लहरीला प्रावरण हातोडीवेळचं डांबर भासतं, खंडांना ठेवून दिलेलं. शेवटच्या हिमयुगातला बर्फाचा भार उतरून हजारो वर्षं झाली, तरी बॉथनियाच्या आखाताकाठची जमीन अजून वर्षाला सुमारे नऊ मिलिमीटर वर येतेय. खालचा खडक हळूहळू परत जागेवर येतोय.

आता वर बघू. इथे सगळ्यांना सोपं वाटतं, कारण हवा पारदर्शक आहे. पण थर हवेतही दिसत नाहीत, मोजावेच लागतात. आम्ही फुगा सोडायचो तेव्हा तो दीड-दोन मीटर व्यासाचा असायचा. सेकंदाला पाच मीटरच्या वेगानं तो चढत जातो, बाहेरचा दाब उतरेल तसा फुगत जातो आणि तीस-पस्तीस किलोमीटरवर आठ-दहा मीटरचा होऊन फुटतो. खाली टांगलेलं उपकरण तापमान, दमटपणा आणि दाब पाठवत राहतं. सुरुवातीला तापमान किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. मग एका जागी ते उतरायचं थांबतं आणि थोड्या वेळानं वाढायला लागतं.

फ्रान्सच्या लेओं तेसरां द बोर यांना हे दिसलं तेव्हा त्यांना आपल्या उपकरणांचाच संशय आला. ऊन लागून तापमापक चुकत असेल असं वाटून त्यांनी फुगे रात्री सोडले. दोनशेहून जास्त फुग्यांनंतर, १९०२ मध्ये, त्यांनी जाहीर केलं की वर खरोखरच वेगळा थर आहे. खालचा तपांबर, वरचा स्थितांबर आणि मधली हद्द तपस्तब्धी. वर तापमान वाढतं ते ओझोन अतिनील किरण शोषतो म्हणून. आणि गरम हवा वर, गार हवा खाली अशी मांडणी झाली की खालवर ढवळणं बंद पडतं. वादळी ढगांचे माथे ऐरणीसारखे सपाट पसरतात ते या झाकणाला थडकून.

ही हद्द किती उंचीवर? हे अक्षांशावर अवलंबून आहे, ऋतूवर आहे आणि कधी कधी त्या दिवसावरही. विषुववृत्तापाशी १६ ते १८ किलोमीटर, ध्रुवांपाशी आठ-नऊ. त्यातही ती नेमकी कुठे म्हणायची यासाठी जागतिक हवामान संघटनेचा नियम आहे: जिथे तापमान उतरण्याचा वेग किलोमीटरला दोन अंश किंवा त्याहून कमी होतो, आणि वरच्या दोन किलोमीटरांत सरासरीनं तसाच राहतो, ती सगळ्यात खालची पातळी. हा नियम लावताना एकाच फुग्यात दोन तपस्तब्धी निघाल्याचे दिवस मी पाहिले आहेत. दोन्ही नोंदवायच्या असतात, कारण दोन्ही खऱ्या असतात.

फुगा फुटतो त्याच्या वरचं पूर्वी कसं कळलं असेल? इथे मला खालची गोष्ट पुन्हा भेटते. पहिल्या महायुद्धात मोठ्या स्फोटांचा आवाज जवळ ऐकू यायचा, मग एका पट्ट्यात काहीच नाही, आणि त्याच्याही पलीकडे, दीडशे-दोनशे किलोमीटरवर, पुन्हा ऐकू यायचा. छायेचा पट्टाच तो, फक्त हवेतला. आवाज गरम हवेत वेगानं जातो. वर चाळीस-पन्नास किलोमीटरवर हवा उबदार असेल तर आवाज तिथून वाकून खाली परत येईल. उल्का कुठे दिसतात आणि कुठे विझतात याच्या हिशेबावरून लिंडमन आणि डॉबसन यांनीही १९२० च्या दशकात तेच म्हटलं. तिथे कोणी गेलं नव्हतं, उपकरणही नाही. ऐकून आणि पाहून थर सापडला, अगदी गाभ्यासारखा.

पुढचं भराभर सांगते. सुमारे ५० किलोमीटरवर स्थितांबर संपतं आणि तापमान पुन्हा उतरू लागतं: मध्यांबर. ८५ किलोमीटरच्या आसपास ते उणे ८५-९० अंशांवर जातं, ध्रुवांकडच्या उन्हाळ्यात तर त्याहूनही खूप खाली. हो, उन्हाळ्यात. तिथली हवा त्या काळात वर चढते आणि पसरून गार होते. टोंगाजवळच्या समुद्रातला ज्वालामुखी जानेवारी २०२२ मध्ये फुटला तेव्हा त्याचा लोट ५७ किलोमीटरवर, म्हणजे मध्यांबरात पोचला होता. ८५ च्या वर उष्मांबर, जिथे तापमान हजार-दीड हजार अंशांपर्यंत चढतं. पण तिथे तापमापक धरलात तर तो गारठेल. कण वेगवान आहेत, पण इतके विरळ की उष्णता पोचवणार कोण?

हे सगळे थर तापमानाच्या पट्टीवरचे. आयनांबराची पट्टी वेगळी आहे. सूर्यकिरणांनी अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे झालेत का, एवढंच ती विचारते. म्हणून आयनांबर मध्यांबराच्या वरच्या भागापासून उष्मांबरात पसरलेलं आहे आणि रात्री त्याचा खालचा भाग विरून जातो. मध्यम लहरींवरची लांबची रेडिओ केंद्रं रात्री लागतात ती यामुळे. काही पुस्तकं उष्मांबराच्या जागी आयनांबर लिहितात, काही त्याला शिडीत घेतच नाहीत. शिलावरण आणि भूकवच यांच्यासारखीच ही गल्लत आहे: दोन पट्ट्या, एक आकृती.

मुलीच्या वहीसाठी म्हणून एवढंच करा. पानावर दोन उभे स्तंभ काढायला सांगा. खालच्या बाजूला एका स्तंभावर "कशाचं बनलंय" लिहून भूकवच, प्रावरण, गाभा. शेजारच्यावर "ताठ, मऊ की द्रव" लिहून शिलावरण, दुर्बलावरण, त्याखालचं पुन्हा घट्ट झालेलं प्रावरण, द्रव गाभा, घन गाभा. वरच्या बाजूला तसंच, एकावर तापमान आणि दुसऱ्यावर विद्युतभार. मोहोची रेघ समुद्राखाली वर आणि पर्वताखाली खोल काढू द्या, तपस्तब्धीची विषुववृत्तावर उंच आणि ध्रुवांवर खाली. सरळ रेघ फक्त समुद्रसपाटीची.

राहता राहिला तिचा प्रश्न, हवा संपते कुठे. आंतरराष्ट्रीय नोंदींसाठी १०० किलोमीटरची कारमान रेषा धरतात, अमेरिकेत ८० किलोमीटर गेलेल्यालाही अंतराळवीर म्हणतात, आणि ४०० किलोमीटरवरच्या अंतराळ स्थानकाला अजूनही हवेचा इतका अडसर होतो, की त्याला अधूनमधून इंजिनाचा रेटा देऊन वर ढकलावं लागतं. सोहो या सौर दुर्बिणीच्या नोंदींवरून २०१९ मध्ये दिसलं, की पृथ्वीचा विरळ हायड्रोजन ६ लाख ३० हजार किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजारांवर आहे. तेव्हा बाह्यांबराची, म्हणजे हवेच्या सगळ्यात बाहेरच्या थराची, वरची रेघ तिला काढायचीच असेल, तर चंद्र रेघेच्या आत येईल अशी काढायला सांगा.